बर्फगाडीचा पट्टा

दसऱ्याच्या सकाळी ताईची बोटं पट्ट्यात गेली. संध्याकाळी अण्णांनी वर्कशॉपची किल्ली अरविंदकडे दिली.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण, शालन. गेल्या वर्षी ती गेली. तिच्या सासरच्यांनी वर्तमानपत्रात चौकट दिली, तीत लिहिलं होतं की त्या प्रेमळ, धार्मिक आणि उत्तम सुगरण होत्या. प्रेमळ होती, तेवढ्यावर मी सही करून देईन. देवाला ती सणासुदीला हात जोडायची, बास. आणि सुगरण हा शब्द वाचून मी वर्तमानपत्राची घडी घातली. ताईची आमटी आयुष्यभर कधी फिकी, कधी खारट झाली. स्वयंपाक हे तिच्या लेखी पुस्तकातून उठून गॅस बारीक करायचं काम होतं. तिला जे खरोखर येत होतं त्याचा त्या चौकटीत एक शब्द नव्हता. ज्यांना ते ठाऊक होतं त्यांनीच ते पुसून टाकलं होतं, मग सासरच्यांना तरी का दोष द्यावा. हे प्रकरण मी त्यासाठी लिहिते आहे, आणि सावकाश लिहिते आहे, कारण राग आला की माझं अक्षर बिघडतं.

आम्ही हडपसरला राहायचो, सोलापूर रस्त्यापासून जरा आत. मागे ऊस आणि पुढे कारखाने, मध्ये अण्णांची पत्र्याची शेड आणि शेडला चिकटून आमच्या खोल्या. कारखान्यांत माल वाहून नेणारे रबरी पट्टे असतात. पट्टा तुटला की कारखाना थांबतो, आणि मग अण्णांना बोलावणं यायचं. तुटलेल्या टोकांचे थर पायऱ्यांसारखे कापायचे, ते खरवडायचे, त्यांवर रबराचं द्रावण लावायचं, मध्ये कच्च्या रबराची पट्टी घालायची आणि दोन तापलेल्या लोखंडी पाट्यांमध्ये दाबून ठेवायचं. निघाला की सांधा कुठे आहे हे बोटानं चाचपूनच कळावं, डोळ्यांनी नाही, असा अण्णांचा आग्रह. त्या द्रावणाचा वास आमच्या घरात भिंतींना होता, पांघरुणांना होता, पोळ्यांनाही होता. पाहुणे पहिला घास घेऊन थबकायचे. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. तापलेल्या पाट्यांच्या कडेवर आई आमटीचं पातेलं आणून ठेवायची, ते जेवणापर्यंत गरम राहायचं, आणि त्या आमटीला शेंगदाण्याची चटणी घातली की मला आणखी काही नको असायचं. बाहेर खरवडायच्या चाकाचा आवाज चालू असायचा. तो थांबला की आई आतून म्हणायची, "पानं घेऊ का?" आणि बहुतेकदा तो फक्त ताईचं बोट अंदाज घेत असल्यामुळे थांबलेला असायचा.

ताई कॉलेजातून आली की पदर खोचून शेडमध्ये जायची. कुणी तिला शिकवायला बसवलं नव्हतं. अण्णांना मुलगा नव्हता, आणि सांधा करायला चार हात लागतात, इथून ते सुरू झालं. पुढे पुढे अण्णाच तिला विचारायला लागले. काकांचा मुलगा अरविंद तेव्हा आमच्याकडे शिकायला म्हणून येऊन राहिला होता. तो वाईट मुलगा नव्हता. त्याला रबरापेक्षा गिऱ्हाइकांशी बोलणं आवडायचं, आणि गिऱ्हाइकांना त्याच्याशी. काकांच्या मनात होतं की अण्णांच्या मागे शेड अरविंदकडे यावी. आईच्या मनात होतं की ताईचं लग्न व्हावं. ताईच्या मनात काय होतं हे एकदा जेवताना तिनंच सरळ सांगितलं, की शेड तिला चालवायची आहे. अण्णा बराच वेळ भात कालवत राहिले.

त्याच सुमारास टिकेकर आले. ते पुण्यातल्या लोकांना हिवाळ्यात बर्फ दाखवायला हिमाचलात घेऊन जायचे, सहलीत आमरस-पुरी देण्याबद्दल त्यांचं नाव होतं. त्यांनी तिकडे कुठूनतरी एक जुनी बर्फगाडी मिळवली होती. पुढे दोन घसरपट्ट्या, मागे रणगाड्यासारखा रुंद रबरी पट्टा आणि वर मोटारसायकलसारखी बैठक. पट्टा फाटला होता. बाहेरून नवा मागवायचा तर परवान्यांचं झेंगट, आणि तिकडच्या कुठल्याही मिस्त्रीला तो करता येईना. तेव्हा टिकेकरांनी ती गाडी सफरचंदांच्या ट्रकमधून पुण्याला आणली. मार्केट यार्डातून ती टेम्पोनं आमच्याकडे आली तेव्हा तिच्या बैठकीखालून गवताच्या काड्या आणि एक सडकं सफरचंद निघालं. टेम्पोवाला आमच्याच भागातला. तो तिच्याभोवती फिरून म्हणाला, "चाकंच न्हाईत की ओ याला. ढकलायचं कसं?" ताई म्हणाली, "ढकलायचंच नाहीये मामा, बर्फात चालतं ते." "मग इकडं कशाला आणलंय?" तो म्हणाला. हा प्रश्न पुढे माझ्या मनात पुष्कळदा आला.

अण्णा काम घ्यायला तयार नव्हते. कारखान्याचा पट्टा सपाट असतो, दोन गोल रुळांवरून फिरतो. हा पट्टा दातेरी चाकांवरून फिरणारा, त्यात ओळीनं खिडक्या, खिडक्यांच्या मध्ये लोखंडी आडव्या कांब्या. अरविंद म्हणाला, नाही म्हणू या. टिकेकर उठायलाच लागले होते. ताई गाडीच्या मागे उकिडवी बसली होती, ती तिथूनच म्हणाली, "मी करते." मग जे बोलणं झालं ते आईसमोर, माझ्यासमोर आणि अरविंदसमोर झालं, म्हणून ते मी विसरू देणार नाही. अण्णा म्हणाले, "हा जमला तर शेड तुझी. पाटीवर तुझं नाव घालीन." आई म्हणाली, "घाला. मुलगी बघायला येणाऱ्यांना पत्ता शोधायला सोपं पडेल." ताई हसली. अण्णाही हसले. पण शब्द दिला गेला होता, आणि आमच्या घरात अण्णांचा शब्द म्हणजे काय ते आम्हाला माहीत होतं, असं तेव्हा आम्हाला वाटत होतं.

त्या कामाचे दिवस मला ताईच्या सगळ्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले वाटतात. तो पट्टा अखंड कडं असतो, कापल्याशिवाय उघडत नाही. म्हणजे गाडीच उघडायला हवी. ताईनं आणि अण्णांनी गाडी गोणपाटांवर आडवी केली. आतला सांगाडा सोडवून अख्खा बाहेर ओढला, मग पुढचा दातेरी चाकांचा आस काढला, तेव्हा कुठे जुना पट्टा हातात आला. कुठल्या जागचा बोल्ट कुठला हे चुकू नये म्हणून ताईनं आईची जुनी ताटं मागून घेतली आणि एकेका जागेचे बोल्ट एकेका ताटात ठेवले. आई दारात उभी राहून म्हणाली, "वाढू का यांना? का उपास आहे?" जुन्या पट्ट्याचा ठसा घेऊन ताईनं कारखान्याच्या जाड पट्ट्यातून नवा कापला, खिडक्या पाडल्या, जुन्या कांब्या घासून नव्यावर ठोकल्या. सांधा तिनं तिरका घेतला, म्हणजे फिरताना सगळा सांधा एकाच वेळी दातांवर येऊ नये. अण्णांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि ते पुढच्या कामाला लागले. आमच्याकडे ती शाबासकी होती.

चढवल्यावर ताण बघायचा होता. पट्टा फार ताणला तर फाटतो, सैल राहिला तर दाते उड्या मारतात. ताईनं गाडीची मागची बाजू घोड्यावर चढवली. घोडा म्हणजे लोखंडी तिवई, जड वस्तू उचलून धरायची. मग तिनं आईचा वरवंटा सुतळीनं पट्ट्याच्या मधोमध लटकवला आणि पट्टा किती झोल खातो ते दोन्ही बाजूंनी पाहिलं. त्या दिवशी चटणी झाली नाही. मग गाडी घोड्यावरच सुरू केली, पट्टा हवेत फिरायला लागला, आणि तो डावीकडे सरकतो की उजवीकडे ते बघून ताई मागचे बोल्ट थोडे थोडे पिळत गेली. मी तांब्यानं पाणी ओतत होते. हे पाणी ताईचंच डोकं. आतमध्ये पट्टा दोन रुळांवरून घसरतो, आणि रुळांना खाली प्लास्टिकच्या पट्ट्या असतात. ताईनं सगळीकडे शोधलं, त्या पट्ट्यांना ग्रीस भरायची जागा कुठेच नव्हती. "म्हणजे याचं ग्रीस बर्फच," ती म्हणाली. "बर्फ वितळून पाणी होतं त्यावर हे घसरतं. कोरड्यात चालवलं तर पट्ट्या जळणार." हे तिनं अण्णांना सांगितलं, अरविंदला सांगितलं, आणि टिकेकर पाहायला आले तेव्हा त्यांनाही सांगितलं. टिकेकर म्हणाले, "हुशार आहे हो तुमची मुलगी." नवमीच्या आधी पाटी रंगवणारा येऊन माप घेऊन गेला.

परवा माझ्या भाच्यानं मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली. परदेशातला कुणी माणूस अशाच जुन्या गाडीचा पट्टा बदलत होता. सांगाडा ओढला, आस काढला, पट्टा चढवला, मागची बाजू उचलली, आणि फिरवायच्या आधी त्यानं रुळांवर नळीनं पाणी मारलं. भाचा म्हणाला, "मावशी, तू आईचं सांगतेस तसंच करतोय हा." मी त्याला म्हटलं, उलट म्हण, असलं काही न बघता तुझ्या आईला ते सुचलं होतं.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं धुऊन पुसून चौरंगावर मांडायची. पाने, कात्र्या, हातोड्या, खरवडायचं चाक, आणि मोठी म्हणून घोडा चौरंगाशेजारी. हळदीकुंकू वाहिलं की दसऱ्याला सोनं लुटून येईपर्यंत त्यातलं काही हलवायचं नाही. अण्णा बाकी कर्मठ नव्हते, पण हे पाळायचे. एकदा कारखान्याची माणसं जीप घेऊन दारात उभी होती तरी अण्णांनी पाना उचलला नव्हता. त्या वर्षी बर्फगाडीलाही कुंकू लागलं. आईनं झेंडूचा लांब हार सुतळीत ओवून गाडीच्या पुढच्या काचेपासून मागपर्यंत बांधला होता.

सकाळी टिकेकर फोटोग्राफरला घेऊन आले. हिवाळ्याच्या सहलीची जाहिरात करायची होती, गाडीवर ते स्वतः बसलेले, गाडी अंगणात चालते आहे, असा फोटो हवा होता. ताई म्हणाली, "बसा, पण चालवू नका. कोरड्या जमिनीवर तर नकोच."

"अगं, अंगणातल्या अंगणात," टिकेकर म्हणाले. "मी काय आत्ता हिमाचलला निघालोय?"

"पट्ट्या तापतील. चालतानाच हवी असेल तर मागची बाजू घोड्यावर घ्या. पाणी ओतते. फोटोत घोडा दिसणार नाही."

अण्णा म्हणाले, "घोडा पूजेत आहे."

"मग गाडीही पूजेत आहे," ताई म्हणाली.

मी हे वाक्य आजही तसंच्या तसं ऐकू शकते. अण्णांनी मान वळवली. ते म्हणाले, "शालन, गिऱ्हाईक दारात आलंय. सणाचा वाद नको." पूजेचा नियम गिऱ्हाइकासाठी मोडता येत होता. ताईच्या सांगण्यासाठी मोडता येत नव्हता. त्या सकाळी जे झालं ते इथे झालं. पुढचं सगळं यातूनच निघालं.

ताई हार सोडायला लागली, तर फोटोग्राफर म्हणाला, "हार असू द्या ताई, हाराशिवाय दसरा कसा दिसणार?" अरविंदनं दोरी ओढून गाडी सुरू करून दिली. टिकेकरांनी अंगठ्यानं मुठीवरचा वेगाचा खटका दाबला आणि गाडी फरशीवरून घासत पुढे गेली. जळक्या प्लास्टिकचा वास आला. हाराची सुतळी मागून सुटली होती, ती पट्ट्याखाली ओढली जायला लागली. ताई ओरडली, तेव्हा ते थांबले.

"बंद करा गाडी," ती म्हणाली.

"आता परत दोरी ओढत कोण बसणार? काढ तू, मी हात लावत नाही."

"अंगठा खटक्यावरनं काढा."

"काढला, बाई."

इंजिन नुसतं धडधडत असेल तर पट्टा फिरत नाही, हे ताईला माहीत होतं. लोक नंतर वर्षानुवर्षं म्हणाले की तिनं हात घातलाच कशाला. तिनं हात घातला कारण ती सुतळी दातांत गेली असती तर तिनं केलेला पट्टा फाटला असता, कारण समोरच्या वयानं मोठ्या माणसानं हात लावत नाही असं सांगितलं होतं, आणि कारण तिचे वडील शेजारी उभे होते. एवढी कारणं पुरेशी नाहीत असं ज्याला वाटतं त्यानं मला येऊन सांगावं. ती खाली वाकून सुतळी ओढत होती. फोटोग्राफर म्हणाला, "साहेब, जरा पुढे, तोंडावर ऊन येऊ द्या." आणि टिकेकरांनी खटका दाबला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात टिकेकर डॉक्टरांना सांगत होते, "नवा पट्टा होता, सांधा सुटला असावा." मी तेव्हा सतरा-अठरा वर्षांची, कोपऱ्यातल्या बाकावर बसलेली. मी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी सगळं समोर उभं राहून पाहिलं होतं. ते टिकेकरांच्या बोलण्यावर काही म्हणाले नाहीत. मला आधी वाटलं की ते ताईच्या काळजीत आहेत. मग अरविंद आला आणि म्हणाला, "मी म्हणतच होतो, ते काम घ्यायला नको होतं," आणि अण्णांनी मान हलवली. दुपारी घरी आल्यावर मी शेडच्या अंगणात जाऊन पट्टा पाहिला. सगळीकडून बोट फिरवलं. सांधा होता तसा होता. त्यावर कालचं कुंकूसुद्धा होतं. मी आत जाऊन अण्णांना ते सांगितलं. ते म्हणाले, "तू गप्प बस." सोनं वाटून झाल्यावर त्यांनी खुंटीवरची किल्ली काढली आणि आपट्याच्या पानांबरोबर अरविंदच्या हातात ठेवली. आई म्हणाली, "आज नको." अण्णा म्हणाले, "बाईमाणसाचं काम नव्हेच ते. माझंच चुकलं." म्हणजे मुलीला शिकवलं हे त्यांचं चुकलं. बाकी काही चुकलेलं त्यांना दिसलं नाही.

पाटी दिवाळीच्या आत तयार होऊन आली. तिच्यावर अरविंदचं नाव होतं. गाडी तिकडे जाणाऱ्या रिकाम्या ट्रकमधून परत गेली, त्याच पट्ट्यासकट. अरविंदनं जळलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या तेवढ्या बदलल्या होत्या. सुटलेला सांधा कुणी पुन्हा सांधलेला मी तरी पाहिला नाही.

हिवाळा संपला तेव्हा टिकेकर अक्रोड आणि फोटो घेऊन घरी आले. आईनं शिरा केला होता. फोटोंत पुण्याच्या बायका शाली गुंडाळून त्या गाडीवर बसल्या होत्या, मागे पांढरंशुभ्र. "काय पट्टा केलाय तुमच्या अरविंदनं," टिकेकर म्हणाले. "अख्खा सीझन एक कुरकुर नाही." अरविंद फोटो बघत राहिला. ताई चहा घेऊन आली होती. डाव्या हातानं तिनं ट्रे खाली ठेवला.

"तो पट्टा मी केला," ती म्हणाली.

"हो हो, तुझीही मदत होतीच की," टिकेकर म्हणाले. "झालं गेलं, आता मनाला लावून घेऊ नकोस. होतं असं यंत्रांमध्ये."

 ताई अण्णांकडे वळली. आवाज चढवला नव्हता. "अण्णा, सांधा सुटला होता का?"

खोलीत सगळे होते. अण्णांनी नाही म्हणायचं होतं, एवढंच. त्या एका शब्दावर शेड परत मिळाली असती असं नाही, पण ताईला जे येत होतं ते तिचं राहिलं असतं. अण्णांनी बशीत चहा ओतला, तो निवेपर्यंत बघत राहिले आणि म्हणाले, "आता त्याचं काय."

"बरं," ताई म्हणाली. तिनं टिकेकरांच्या पुढ्यातली शिऱ्याची बशी उचलली, जी अर्धीच संपली होती, आणि आत घेऊन गेली. टिकेकरांचा चमचा हातातच राहिला. आई तिला रागावली नाही. त्यानंतर ताई शेडमध्ये गेली नाही. शेडमधून आत यायला एक दार होतं, त्याला तिनं आतून कडी घातली, आणि ती कडी आमच्यापैकी कुणी काढली नाही. आमटी चुलीवरच गरम होऊ लागली.

पुढे तिचं लग्न झालं, धायरीला. नवरा सरळ होता, बोटांबद्दल त्यानं विचारलं आणि तिनं सांगितलेलं सगळं मानलं, याबद्दल मी त्याला मनातून नेहमी नमस्कार करते. पण तो लवकर गेला, आणि मुलांना ती फार सांगत बसली नाही. अण्णांच्या शेवटच्या आजारपणात ती रोज बस बदलून हडपसरला यायची, त्यांना भरवायची. एकदा मी तिला म्हटलं, आता तरी विचार. ती म्हणाली, "विचारलं होतं की मी. दोनदा कशाला विचारायचं?" मला तिच्यासारखं होता आलं नाही. मी अण्णांना माफ केलेलं नाही, आणि ते माझे वडील होते म्हणून करावं असंही मला वाटत नाही.

अरविंदनं शेड काही वर्षं चालवली आणि मग जागा बिल्डरला दिली. तिथे आता इमारतीचं पार्किंग आहे. टिकेकर गेले, आई गेली, ताई गेली. अरविंद आहे. तिच्या तेराव्याला तो आला होता, आणि माझ्या भाच्याला सांगत होता की तुझ्या आईची बोटं सांधा सुटल्यामुळे गेली. सांधा सुटला नव्हता हे सांगणारी आता मी एकटीच आहे.